दोन चुकांचा नेम

माझे साडू वजनकाट्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं तपासनीस होते. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, पण ते पद काही त्यांनी खाली ठेवलेलं नाही. पूर्वी काटे तपासायचे, आता समोर येईल ते तपासतात. आमच्या घरी आले की बूट काढायच्या आधी दाराच्या बिजागऱ्या बघतात. "साडूभाऊ, दार उतरलंय तुमचं. तीन मिलिमीटर." मग आत येतात. मग पाणी. माझी तब्येत विचारायला त्यांना वेळ मिळालाच, तर मी उत्तर देताना मधेच माझा एखादा शब्द सुधारतात. बायको म्हणते, "जाऊ दे ना, दोन तास तर येतात." दोन तासांत हा माणूस घराला किती खुसपटं काढू शकतो हे तिला पक्कं ठाऊक आहे. तरी असं म्हणते, कारण ते तिच्या सख्ख्या मोठ्या बहिणीचे यजमान आहेत.

एक मात्र मान्य करायला हवं. कारखान्यात त्यांचा दबदबा होता, आणि तो उगाच नव्हता. कधीकधी असं व्हायचं की एखाद्या काट्याची दांडी जरा जड आणि आतली स्प्रिंग जरा सैल. दोन्ही चुकाच, पण एकमेकींना खाऊन टाकायच्या आणि आकडा बरोबर यायचा. बाकीचे तपासनीस आकडा बघून शिक्का मारायचे. आमचे साडू काटा उघडायचे आणि नापास करायचे. "आज बरोबर दाखवतोय," ते म्हणायचे, "पण बरोबर आहे का? नाही. दोन चुकांची हातमिळवणी आहे ती." काट्यांच्या बाबतीत हे शंभर टक्के खरं असेल. माझं औषधांचं दुकान आहे, मला काट्यांतलं फार कळत नाही. मला एवढंच म्हणायचंय की जगात काट्यांखेरीजही गोष्टी असतात, आणि हे या माणसाला कुणी वेळेवर सांगितलं नाही.

निवृत्तीच्या दिवशी त्यांच्या मोठ्या साहेबांनी त्यांना स्वतःची एक जुनी गोल्फची काठी भेट दिली. साहेबांना बहुधा ती टाकायचीच होती. मी "काठी" म्हणालो तर साडू म्हणाले, "क्लब म्हणतात त्याला." क्लब म्हणजे पत्ते कुटायची जागा, अशी माझी तोवर समजूत होती.

दुसरा कुणी असता तर चार चेंडू घेऊन मोकळ्या जागेत गेला असता, हौस भागली असती, खांदा दुखला असता आणि काठी माळ्यावर गेली असती. यांनी तीन पुस्तकं आणली. मग बैठकीच्या खोलीतला सोफा गच्चीत गेला. पंख्याच्या हुकाला ओळंबा टांगला, गवंडी भिंत सरळ आहे का बघायला वापरतात तो. जमिनीवर लाल, पिवळ्या आणि निळ्या चिकटपट्ट्या आल्या. लाल पावलांसाठी, पिवळी खांद्यांसाठी, निळी कशासाठी ते मी विचारलं नाही. कपाटाच्या दाराचा आरसा स्क्रू काढून भिंतीला उभा केला. समोर स्टुलावर मोबाइल. काठी मागे नेण्याला बॅकस्विंग म्हणतात, पुढे आणण्याला डाउनस्विंग म्हणतात, आणि त्या दोहोंच्या मधे माणूस क्षणभर थांबतो तिथे म्हणे सगळं ठरतं. पहिल्या महिन्यात छताचा दिवा गेला, दुसऱ्या महिन्यात शोकेसची काच, तिसऱ्या महिन्यात त्यांचा उजवा खांदा. दिवा आणि काच बदलता आली.

"आणि चेंडू?" मी एकदा विचारलं.

"चेंडू कशाला?"

"म्हणजे... मारायला."

"हीच तर चूक करतात सगळे. चेंडू समोर आला की माणूस तो कुठे जातो ते बघत बसतो. स्विंग राहतो बाजूला. आधी स्विंग. चेंडू काय, कधीही मिळतो."

दीड वर्ष हा माणूस हवेत काठी फिरवत होता. नवरीचा पत्ता नसताना रोज बाशिंग बांधून बसावं, तसा प्रकार. मी माझ्या बायकोला हे बोललो तर ती खो खो हसली, आणि लगेच म्हणाली, "ताईसमोर बोलू नका हं."

ताई, म्हणजे तिची ही मोठी बहीण, इस्पितळाच्या धुलाईखात्यात आहेत. तीस वर्षं झाली. सगळ्या वॉर्डांच्या चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे कोट, सगळं त्यांच्या हाताखालून जातं. मशिनमधून निघालेली ओली चादर दोन टोकांना धरून त्या अशी झटकतात की आवाज जिन्यापर्यंत जातो. यंत्रं आली तरी त्यांनी झटकणं सोडलं नाही, कारण न झटकलेल्या चादरीला सुरकुती राहते आणि ती रुग्णाच्या पाठीला टोचते. बोलायला कमी, हसायला भरपूर. नवरा घरात दिवसभर चुका काढायचा: किटली उजवीकडे हवी, टॉवेलची घडी उलटी, खिडकी आधी ही उघड मग ती. त्या म्हणायच्या, "बरं." आणि किटली जिथे असायची तिथेच राहायची. त्यांचा संसार चांगला चालला होता. सांगणारा सांगून मोकळा, ऐकणारी ऐकून मोकळी.

मग साडू ड्रायव्हिंग रेंजवर जायला लागले. ताईंना वाटलं गाडी शिकायला जातात, त्यांना बरंही वाटलं. ते निघालं गोल्फच्या सरावाचं मैदान. ओळीने बारा आडोसे, प्रत्येकात जमिनीवर प्लॅस्टिकची हिरवी चटई, समोर लांबवर जाळी, मधे पांढऱ्या वर्तुळात एक झेंडा. तिथला कोच म्हणजे टोपीतला एक सुकलेला माणूस, जो दिवसाला पंधरा शब्द बोलायचा. साडू शेवटच्या आडोशात उभे राहून तिथेही चेंडूशिवाय काठी फिरवायचे आणि मग शेजारच्या अकरा जणांना त्यांच्या चुका सांगायचे. कुणी ऐकायचं नाही. कोच दुसरीकडे बघायचा.

एका रविवारी साडू चष्मा घरी विसरले. ताईंनी मला फोन केला, मी त्यांना गाडीतून तिकडे घेऊन गेलो. चष्मा देऊन आम्ही निघणार, तेवढ्यात कोच ताईंना म्हणाला, "मारून बघा एक." ताई म्हणाल्या, "अगंबाई, मी?" त्यांनी पर्स माझ्याकडे दिली, काठी हातात घेतली आणि कुणी काही सांगायच्या आत फाडकन मारली.

चेंडू डावीकडे उडाला. मी मनात म्हटलं, गेला. मग तो वर गेला, हवेतच सावकाश उजवीकडे वळला आणि झेंड्याच्या पायाशी जाऊन बसला.

ताई हसल्या. त्यांचं ते हसणं मी माझ्या लग्नातही बघितलं नव्हतं. तोंडावर हात ठेवून, खांदे हलवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. कोचने न बोलता दुसरा चेंडू ठेवला. तोही तसाच, डावीकडून वळून झेंड्याशी. दहा मारले, सात वर्तुळात. शेजारच्या आडोशातला बेकरीवाला, हा लाकूड फोडल्यासारखा मारतो, तो स्वतःचं मारणं सोडून बघत उभा राहिला. "ताई, हे कुठे शिकलात?" ताई म्हणाल्या, "चादरी झटकून."

मी साडूंकडे बघितलं. आता हा माणूस काहीतरी चांगलं बोलेल, असं मला वाटलं. लग्नाला तेहतीस वर्षं झाली होती, एक चांगलं वाक्य निघायला हरकत नव्हती.

ते ताईंच्या पायांकडे बघत होते. "तू डावीकडे तोंड करून उभी आहेस," ते म्हणाले. "आणि तुझी पकड सैल आहे, म्हणून चेंडू उजवीकडे वळतो. दोन चुका आहेत. एकमेकींना खातायत."

"पण लागतोय ना?" मी म्हणालो.

"लागतोय. बरोबर नाहीये."

कोच त्या दिवशीचा सोळावा शब्द बोलला असेल. "सर, हात लावू नका त्याला."

"चूक दिसली तर ती तशीच सोडायची?" साडूंनी विचारलं. त्यांच्या आवाजात खरीखुरी वेदना होती. मला त्या माणसाचा राग येतो, पण तो लबाड नाही. त्याला खरोखरच झोप लागत नाही.

निघताना ताई फाटकाशी थांबल्या. तिथे एक कागद लावला होता. तीन महिन्यांनी रेंजची स्पर्धा: प्रत्येकाला तीन चेंडू, ज्याचा झेंड्याच्या सर्वांत जवळ तो जिंकला. बक्षीस म्हणजे शहराबाहेरच्या मोठ्या मैदानावर एक सकाळ, सोबत एक पाहुणा. ते मैदान आम्ही गाडीतून जाता-येता कुंपणाबाहेरून बघितलेलं. आत शिरायचं आमचं काही काम नव्हतं. ताईंनी तो कागद दोनदा वाचला.

गाडीत म्हणाल्या, "इथे सगळं प्लॅस्टिक आहे. मला एकदा तिथे मारायचाय. खऱ्या गवतावरून." आणि थोड्या वेळाने, जरा लाजून, "तीस वर्षं पांढरंच बघतेय हो मी. एवढं मोठं हिरवं कधी पायाखाली आलंच नाही."

मी म्हणालो, "जिंकलात म्हणून समजा." आणि मला तसं वाटतही होतं. त्या बारा आडोशांत त्यांच्या जवळपास कुणी नव्हतं. त्यांनी फक्त तीन महिने काही करायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बैठकीच्या खोलीत चिकटपट्ट्यांचा आणखी एक संच आला, ताईंच्या मापाचा.

किटलीच्या बाबतीत ताई ऐकायच्या नाहीत, कारण किटलीतलं नवऱ्यापेक्षा आपल्याला जास्त कळतं हे त्यांना माहीत होतं. गोल्फचं तसं नव्हतं. तीन पुस्तकं, दीड वर्ष, ओळंबा. त्यांना वाटलं, यांना कळत असणार. "बरं" म्हणून सोडून द्यायची त्यांची सवय नेमकी इथे सुटली. या वेळी त्यांनी मनापासून ऐकलं.

आधी त्यांनी पाय सरळ केले. पाय सरळ झाले, पकड तशीच राहिली, आणि चेंडू उजवीकडच्या जाळीत जाऊ लागला. मग पकड घट्ट केली. चेंडू डावीकडे. "हं," साडू म्हणाले, "आता कोपर." कोपरामागून खांदा आला, खांद्यामागून टाच, टाचेमागून श्वास. श्वास कधी घ्यायचा हेही त्यांनी कागदावर लिहून दिलं. धुलाईखात्यातून सहा वाजता दमून आलेली बाई त्या आरशासमोर उभी राहायची आणि हा गृहस्थ स्टुलावर बसून मोबाइलमध्ये तिचं कोपर मागेपुढे सरकवत बघायचा. "थांब. इथे. हे बघ काय करतेयस."

माझी बायको एकदा तिथून आली ती थेट स्वयंपाकघरात गेली आणि भांडी आपटायला लागली. "ताई हसत नाही आता मारताना," म्हणाली. "ओठ हलतात तिचे. मोजते काहीतरी."

मी एका रविवारी ताईंना बाजूला गाठलं. म्हणालो, "ताई, सोडा हो हे सगळं. पहिल्या दिवशी मारलात तसं मारा."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "कसं मारलं होतं मी?"

"म्हणजे काय? असं... फाडकन."

"मला आठवत नाही," ताई म्हणाल्या. "आणि त्यांचं चुकत नाहीये. मला दाखवलं त्यांनी मोबाइलमध्ये. खरंच वाकडं होतं सगळं. आता दिसलं, ते न दिसल्यासारखं कसं करू?"

औषधाच्या दुकानात यावर काही मिळत नाही.

स्पर्धेच्या दिवशी पन्नासेक माणसं होती. ताई आठव्या. चटईवर उभ्या राहिल्या, पाय बघितले, पकड बघितली, ओठ हलले. साडू दोरीच्या मागे वही घेऊन. पहिला चेंडू उजवीकडे. दुसरा जमिनीवरून सरपटत गेला आणि थांबला. लोक उगाच घसा खाकरू लागले. बेकरीवाला, ज्याचा चेंडू नुकताच झेंड्यापासून दोन हातांवर पडला होता, तो खाली बघत होता. कोच टोपी काढून तिच्या आत बघत होता, तिथे काय होतं कोण जाणे.

तिसऱ्याला ताईंनी फार वेळ घेतला. मग काठी मागे गेली, वर क्षणभर थांबली, खाली आली, पुढे गेली. अगदी पुस्तकातल्या चित्रासारखी, हे मलासुद्धा कळलं. चेंडू अर्ध्या वाटेवर पडला.

"बरोबर!" साडू दोरीमागून ओरडले. टाळ्या वाजवल्या. वही काखेत धरून, दोन्ही हातांनी, खऱ्या आनंदाने. "बघितलंत साडूभाऊ? एक चूक नाही! एक!"

मला त्या क्षणी त्या माणसाच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. वयाने मोठे आहेत म्हणून नाही वाजवली. नंतर मला वाटलं, वय हे काही पुरेसं कारण नव्हतं.

बेकरीवाला जिंकला. त्याला कागद दिला, फोटो काढला, आणि तो तसाच चालत ताईंकडे आला. गडी उघड्या मनाचा. म्हणाला, "ताई, मला एक पाहुणा नेता येतो. तुम्ही चला. तुमचा पहिल्या दिवशीचा मार मी बघितलाय. त्या मैदानावर खरं तर तुम्हीच जायला हवं."

ताईंचा चेहरा एकदम उजळला. मी शपथेवर सांगतो, उजळला. "मी? खरंच?" म्हणाल्या. मग त्यांनी खाली स्वतःच्या पावलांकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "नको. आत्ता नको. तिथे खऱ्या गवतावर जाऊन चुकीचं मारायचं म्हणजे... आधी नीट होऊ दे माझं."

"याला म्हणतात शिस्त," साडू म्हणाले. त्यांचा ऊर भरून आला होता. बायकोचा एवढा अभिमान त्यांना कधी वाटला नसेल.

"अहो ताई, जा!" मी जवळजवळ ओरडलो. "गवत काय तुमचे पाय मोजणार आहे?"

ताई माझ्याकडे बघून हसल्या. समजूतदारपणे, ज्याला कळत नाही त्याच्याकडे बघून हसतात तसं. ते हसणं मी ओळखलं. माझं दार उतरलंय हे सांगताना साडू तसंच हसतात.

बेकरीवाला अवघडला. हातात रिकामी जागा आणि समोर मी. "मग तुम्ही येता का?" त्याने सभ्यपणाने विचारलं. मी नाही म्हणायला हवं होतं. जागा रिकामी ठेव, आठवडाभर त्यांना समजावतो, असं म्हणता आलं असतं. मी म्हणालो, "चालेल की." तीन महिने साडूंना नावं ठेवणारा मी, आयती सकाळ मिळतेय म्हटल्यावर मला दुसरं काही सुचलंच नाही.

मी आयुष्यात पहिल्यांदा काठी हातात घेतली ती त्या मोठ्या मैदानावर. तीनदा चेंडू चुकला. चौथ्यांदा जमिनीचा एक तुकडा गवतासकट उडाला आणि चेंडूच्या पुढे जाऊन पडला. बेकरीवाला पोट धरून खाली बसला. मीही बसलो. चारी बाजूंना हिरवं, नजर पोचेल तिथवर, आणि सकाळचं दव एवढं की बूट मोज्यांपर्यंत भिजले. आम्ही सकाळभर एकही चेंडू धड मारला नाही. गेल्या कित्येक वर्षांत मी इतका हसलो नव्हतो, हे खरं आहे आणि मला सांगायला लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताई दुकानात आल्या. कामावरूनच आल्या होत्या, कपड्यांना साबणाचा वास. "कमरेचा पट्टा हवाय," म्हणाल्या. "मागे वळताना धरते जरा. ते म्हणतात, सवयीने जाईल." मी खोका शोधायला वळलो. पाठीमागून त्यांनी विचारलं, "कसं होतं हो ते?"

"काय?"

"मैदान. गवत."

मला उत्तर पाठ होतं. रात्रभर घरात सगळ्यांना तेच तर सांगत होतो. वळलो, त्यांच्याकडे बघितलं, आणि म्हणालो, "काही विशेष नाही. साधं गवत. कुठेही असतं तसं."

"हो ना?" ताई म्हणाल्या. त्यांना बरं वाटलं, ते दिसलं मला. "मला वाटलंच होतं." मग काउंटरवरच्या काचेवर बोट फिरवत म्हणाल्या, "ओलं असतं का सकाळी?"

"नाही," मी म्हणालो.

काउंटरखाली माझे बूट अजून वाळत होते. मी ते पायाने आत ढकलले आणि त्यांना विचारलं, पट्टा मोठा देऊ की मधला.